भडंगाच्या परातीपाशी उभं राहायला शिकवणाऱ्या आक्कांना

आक्का,

सा. न. वि. वि.

तुम्ही विट्याला लेकीकडं राहायला गेल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं "जेवलीस का" आणि "गुडघा कसा आहे" यापुढं सरकत नाही. आभाराचं काही काढलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. नात मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. शिवाय मेसमध्ये, बेकरीत, वडापावच्या गाड्यावर, तासगावच्या बेदाणा शेडमध्ये खाण्याच्या ढिगात दिवस काढणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तुमचं म्हणणं त्यांच्याही कानावर जाऊ दे.

लोकांना वाटतं, भडंगाच्या, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांच्या, कारखान्यात रोज तेच बघून आम्हाला खाण्याचा वीट येत असेल. पेढ्याच्या दुकानात येत असेल कदाचित. भडंगाचा येत नाही. तेलात लसूण लाल झाला, कढीपत्ता तडतडला, वर तिखट पडलं की सगळ्या सांगलीला भूक लागावी असा वास सुटतो. चुरमुरा तोंडात टाकला की विरतो, पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि हात परत परातीत. त्यात शेंगदाणे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 560 च्या आसपास कॅलरी असतात, जवळजवळ निम्मं वजन तर तेलाचंच. 30 ग्रॅमची एक मूठ धरली तरी 170 होतात. पण कामावर मूठभर असं कुणी खातच नाही. चार दाणे पाकीट भरताना, चार ते सील करताना, चार कुणाशी बोलता बोलता. त्याचा हिशोब कोण ठेवणार?

रक्त तपासणीच्या शिबिरात माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेह अजून घरात आला नाही, पण दारात उभा आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं खाणं बंद करा." मी हो म्हटलं आणि रस्ताभर हसत आले. सगळं गाव ज्याला बाहेरचं म्हणतं, त्याच्या आतच तर माझी ड्युटी!

घरात सगळ्यांनी एकच सांगितलं, मनावर ताबा ठेव. तुम्ही मनाचं नावच काढलं नाही. माझा रिपोर्ट हातात घेतलात, वाचता येत नाही म्हणून परत दिलात आणि म्हणालात, "दिवसभर चरणाऱ्या जिभेला मीठ कळत न्हाई गं."

वजनाचं नाही, साखरेचं नाही, धंद्याचं बोललात. चव बघणं हे आपल्या कामातलं मानाचं काम आणि येता-जाता तोंडात टाकत राहिलं की तेच काम बिघडतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. जिभेला खारटाची सवय होते, मग बरोबर पडलेलं मीठही कमी वाटतं आणि हात आणखी चिमूट टाकतो. तुमची पद्धत मी आता नव्या पोरींना दाखवते. घाणा गार झाल्याशिवाय चव नाही. परातीतून नाही, स्वतःच्या वाटीत चमच्यानं घ्यायचं. आधी खळखळून चूळ, नंतरही चूळ. एका घाण्याला एकदाच, आणि तेही ज्याच्याकडं त्या दिवशी चवीचं काम असेल त्यानंच. बाकीच्यांनी विचारायचं, चाखायचं नाही.

भिंतीवर अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतला बोर्ड होताच की, अन्न हाताळताना खाणं, चघळणं, थुंकणं मना. तो आम्ही सगळ्याजणी रोज बघत होतो. बोर्डानं कुणाचा हात थांबलेला मला तरी आठवत नाही.

माझं डोकं खरं फिरवलं ते संकष्टीनं. त्या दिवशी निम्म्याजणींना उपास. तीच परात, तोच वास, तेच आठ तास, आणि एकीचाही हात तोंडाकडं जात नव्हता. तुम्ही चवीचं काम उपास नसलेल्या मुलीकडं दिलंत आणि माझ्याकडं बघून विचारलंत, "आज कसा गं हात शहाणा झाला?" मला उत्तर सुचलं नाही. चंद्र उगवेपर्यंत त्यावरच विचार चालला होता. संकष्टीला आपण दर दाण्याशी भांडत बसत नाही. खायचं नाही हे सकाळीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळं परातीपाशी ठरवायचं काही उरत नाही. एरवी मात्र एकेका दाण्याला 'खाऊ का नको' असं विचारत बसायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत दाणाच जिंकायचा.

रोजचा उपास करा असं मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत, हे मुद्दाम लिहिते. उलट अकराला सगळ्यांना हातातलं काम टाकायला लावून नळापाशी पोत्यांवर बसवायचात. भाकरी, झुणका नाहीतर उसळ, ताकाचा तांब्या. मालकांना आधी हे पटलं नव्हतं, ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत तर अजिबातच नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत, उपाशी बाई परातीतलंच खाते आणि तुमचा माल कमी भरतो. ते लगेच पटलं! उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाही, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या अंगाला ते चांगलंच लागलं होतं, पण ते असो.

मिश्रीचं लिहू का नको, असं झालं होतं. लिहितेच. तोंड गुंतलेलं राहावं, भूक लागू नये म्हणून आपल्यातल्या दोघी-तिघी सकाळ-दुपार मिश्री लावायच्या. मलाही एकीनं डबी पुढं केली होती, "लाव, खायची आठवण होणार न्हाई." भाजलेली असली तरी ती तंबाखूच. तुम्ही ती डबी माझ्या हातातून घेतलीत आणि कुणाला काही न बोलता तिची तिला परत दिलीत. मला एवढंच म्हणालात, "भूक लागली तर भाकर खा. भूक मारायची कशाला?" त्या बाईचा चारचौघींत अपमान केला नाहीत, म्हणूनच पुढं ती स्वतः तुमच्याकडं आली.

आणि चुरा! चाळणीखाली उरणारा तो मसाल्याचा, लसणाचा, मोडक्या दाण्यांचा चुरा म्हणजे सगळ्या कारखान्यातला जीवघेणा ऐवज. तो विकायचा नसतो, त्यामुळं खाल्ला तरी चोरी वाटत नाही, आणि सगळ्यात जास्त तोच पोटात जायचा. तुम्ही तो झाकणाच्या डब्यात साठवायला लावलात आणि शनिवारी तोलून सगळ्यांना सारखा वाटून दिलात. एकदा तो घरी न्यायचा वाटा झाल्यावर त्यात हात घालणं म्हणजे दुसरीच्या पोरांचं खाणं झालं. कुणी घालेना. मालकांना यात पैशाचाही तोटा नव्हता. इतकी साधी व्यवस्था आधी कुणाला कशी सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एका बाबतीत मी तुमच्याशी अजून भांडेन. हातमोजे आले तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत, चुरमुरा कुरकुरीत आहे का सादळलाय ते बोटांना कळायला पाहिजे म्हणून. ते बरोबरच. पण मोजे घातलेला हात तोंडात जात नाही आक्का. काढायचा, खायचं, परत घालायचा, एवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. आम्ही आता कालवणाऱ्या बाईलाच मोजे न घालता हात धुऊन काम करायची सूट दिलीय, बाकी सगळ्या मोज्यात.

साखरेचा आकडा खाली आलाय. सगळं श्रेय तुम्हाला देत नाही, रात्रीचा भात कमी केलाय आणि सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येते. पण दिवसाचे ते आठ तास तुमच्यामुळं सुटले. कामही सुटलं नाही. रिपोर्ट आल्यावर हे काम सोडून कापडाच्या दुकानात जावं असं माझ्या मनात होतं, हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

शनिवारच्या वाटपात तुमचंही एक पाकीट अजून काढतो. या वेळचं नातीबरोबर पाठवतेय. नव्या पोरीनं मीठ लावलंय, मला ठीक वाटलं. तुम्हाला कमी वाटलं तर तिला नको, मला फोन करा.

तुमची,
पॅकिंगवाली
सांगली