विषय : दुरुस्ती म्हणून ग्राहकालाच कर्नल कंपाइल करायला सांगितल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकूनच मिळणारा आपला लॅपटॉप मी घेतला. झाकण मिटून पुन्हा उघडले की टचपॅड बंद पडतो आणि रीस्टार्ट केल्याशिवाय चालू होत नाही. तक्रार केल्यावर आपल्याकडून एक पॅच फाइल (सोर्समध्ये करायच्या बदलांची) आली आणि खाली त्रोटक सूचना : कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स कोड उतरवा, पॅच लावा, कंपाइल करा (त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करा). लगेच तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंदही केली गेली.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे. टर्मिनलमध्ये कमांड लिहायची मला भीती नाही. पण कर्नल कंपाइल करणे हे माझे काम नव्हे. तरीही सूचनांप्रमाणे केले. फ्लेक्स, बायसन ही साधने आणि ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फाइल्स आधी लागतात, याचा उल्लेखच नव्हता. बूट फोल्डरमधली जुनी कॉन्फिग (कर्नल बांधण्याच्या पर्यायांची फाइल) वापरा म्हणालात. तिच्यात उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या प्रमाणपत्राची फाइल मागितलेली असते आणि उतरवलेल्या सोर्समध्ये ती नसतेच. तिथे बिल्ड थांबले. प्रमाणपत्राचे ते पर्याय रिकामे केल्यावर पुढे सरकले, तर दोष शोधण्यासाठीच्या डीबग माहितीने डिस्क भरत आणली. एवढे करून नवा कर्नल सिक्युअर बूटने (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणाऱ्या सोयीने) नाकारला, कारण त्यावर डिजिटल सही नव्हती. फोनवर उत्तर मिळाले, “सिक्युअर बूट बंद करा.” माहितीपत्रकात सुरक्षिततेची हमी म्हणून छापलेली सोय ती हीच ना?

आणि हे एकदाच करून भागणारे नाही. स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलला उबुंटूचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. म्हणजे दर वेळी हा सगळा खटाटोप मीच करायचा.

खरे तर टचपॅडचा ड्रायव्हर हे एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा वेगळा भाग, आहे. पॅच त्या एका मॉड्यूलपुरताच असल्याने तो डीकेएमएस (मॉड्यूल आपोआप बांधणारी यंत्रणा) पॅकेज करून देता आला असता. नवा कर्नल आला की मॉड्यूल आपोआप पुन्हा तयार होते आणि उबुंटूवर त्याच्या सहीसाठीची किल्ली एकदाच नोंदवावी लागते. पूर्ण कर्नलच बदलायचा असेल, तर सही केलेले डेब (उबुंटूवर थेट इन्स्टॉल होणारे) पॅकेज आपल्या रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यात, ठेवा आणि अपडेटही तिथूनच द्या.

सोर्स दिला म्हणजे जबाबदारी संपली, असेही ऐकवले गेले. लॅपटॉपसोबत आलेला कर्नल आपण बदललेला आहे. कर्नलचा परवाना असलेल्या जीपीएल आवृत्ती २ च्या कलम ३ मध्ये सोर्ससोबत कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. त्या कुठे आहेत?

ज्यांना हौसेने स्वतः बिल्ड करायचे आहे, त्यांनाही तपासलेली कॉन्फिग आणि एक चालणारी स्क्रिप्ट द्या. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही छोटी कॉन्फिग बनवणारी कमांड सुचवणार असाल, तर त्या क्षणी लोड झालेलीच मॉड्यूल्स त्यात राहतात, हे ठळक लिहा. नाहीतर तेव्हा न जोडलेला वेबकॅम नंतर चालायचा नाही. बिघडलेच तर ग्रब या कर्नल निवडायच्या बूट मेनूतून जुना कर्नल कसा सुरू करायचा, हे तर पहिल्याच ओळीत हवे.

माझी तक्रार पुन्हा उघडून तयार पॅकेज पंधरा दिवसांत द्यावे, अन्यथा लॅपटॉप परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करेन. बिलाची प्रत व बिल्डमधल्या त्रुटींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक