गाडी कोण चालवत होते? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि गेली २६ वर्षे पांढऱ्या काठीच्या आधाराने रस्त्यावरून एकटी चालते आहे. ११ आठवड्यांपूर्वी सकाळी, वाहने थांबल्याची नेहमीप्रमाणे खात्री करून घेऊन मी रस्ता ओलांडू लागले आणि कडेला उभी असलेली एक विजेची मोटार वळण घेत माझ्या अंगावर आली. ती सुरू झाल्याचे मला कळले नाही, कारण कळण्याजोगा आवाजच तिला नव्हता. आधी काठी मोडली, मग उजव्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. हाडात सळई बसवलेली आहे. हे पत्र मी बिछान्यावरून लिहीत आहे.

मला पडलेली पाहून गाडीतले गृहस्थ धावत उतरले आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "मी चालवत नव्हतो हो, गाडीच चालवत होती." गाडी बनवणाऱ्या कंपनीने पुढे लेखी कळवले की ती यंत्रणा केवळ चालकाला साहाय्य करणारी असून संपूर्ण जबाबदारी चालकाची आहे. माझा जबाब घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारले, "तुम्हाला गाडी दिसली नाही का?" या तीन वाक्यांच्या मधोमध मी ११ आठवडे पडून आहे.

मंत्रिमहोदय, दीड वर्षापूर्वी आमचे शिष्टमंडळ आपल्याला भेटले होते आणि त्यात मीही होते. विजेच्या गाड्यांना पादचाऱ्याला चाहूल देणारा सूचक आवाज सक्तीचा करण्याचा नियम आणि स्वयंचलित गाडीच्या अपघाताची जबाबदारी निश्चित करणारा कायदा, या दोन्हींचा मसुदा सहा महिन्यांत आणण्याचा शब्द आपण आम्हाला दिला होता. त्यातला एकही कागद आजवर बाहेर आलेला नाही. त्या सहा महिन्यांत नियम झाला असता तर मी आज माझ्या पायांवर उभी असते, असे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे.

दृष्टिहीन माणूस रस्ता कसा ओलांडतो, हे त्या भेटीत सांगायला आम्हाला वेळ मिळाला नव्हता, म्हणून येथे सांगते. थांबलेल्या इंजिनाची घरघर आम्हाला गाडी कुठे उभी आहे ते सांगते. आमच्या बाजूने समांतर जाणारी वाहने वेग घेऊ लागली की सिग्नल बदलल्याचे कळते. आणि जवळच्या एखाद्या इंजिनाचा सूर चढला की पाऊल मागे घ्यायचे असते. विजेची मोटार वेगात असेल तर तिच्या टायरांचा आवाज येतो, पण ती जागेवरून निघताना, मागे येताना किंवा सावकाश वळताना जवळजवळ नि:शब्द असते, आणि माणूस तिच्या सर्वांत जवळ असतो तो नेमका याच वेळी. याच कारणासाठी युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि १ जुलै २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या मोटारींना ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत सूचक आवाज बंधनकारक केला. अमेरिकेच्या संसदेने तर असा कायदा २०१० मध्येच संमत केला होता. एक छोटासा ध्वनिवर्धक बसवण्याचा हा प्रश्न आहे, आणि तो बसवला की काय साधते हे जगाला ठाऊक असताना आम्हाला अजून वाट पाहायला लावली जात आहे.

मी या गाड्यांच्या विरोधात नाही. विजेच्या मोटारीला धुराची नळी नसते, आणि रहदारीच्या कडेने पायी चालणाऱ्याच्या छातीला तो फरक कळतो. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, तर विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते. जड बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते, टायरांची धूळ काही थांबत नाही, आणि बॅटरीने पेट घेतला तर ती विझल्यावर काही तासांनी पुन्हा भडकू शकते. तरीही या अडचणींवर नियम आणि अभियांत्रिकी यांनी मात करता येते, असे मला वाटते.

स्वयंचलित गाडीची वाट तर माझ्याइतकी आतुरतेने क्वचितच कोणी पाहिली असेल. २०१५ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, स्टिअरिंग आणि पेडल नसलेल्या गूगलच्या गाडीतून एका दृष्टिहीन माणसाने सार्वजनिक रस्त्यावर एकट्याने प्रवास केला. ती बातमी ऐकून मी रडले होते, कारण कोणाचीही मनधरणी न करता, कोणाच्या सवडीची वाट न पाहता गाडीने कुठेतरी जाता येणे म्हणजे काय, हे मी तोवर कधी अनुभवलेले नव्हते. जगात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार असतात. यंत्र दारू पीत नाही आणि पेंगत नाही. या मृत्यूंपैकी थोडे जरी त्याने टाळले तरी मी त्याचे स्वागत करीन.

परंतु यंत्र चुकते तेव्हा काय होते, हेही आपल्या खात्याला माहीत असायला हवे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठार केले. तपासात आढळले की धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला ती जाणवली होती, पण कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल असे तिचे वर्गीकरण बदलत राहिले. पादचारी ठरवलेल्या जागेखेरीज अन्यत्र रस्ता ओलांडतील याचा विचारच त्या यंत्रणेत केलेला नव्हता. फौजदारी गुन्हा मात्र यंत्रणेवर लक्ष ठेवायला गाडीत बसलेल्या चालक स्त्रीवर दाखल झाला, कंपनीवर नाही. जबाबदारी घसरत घसरत सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबते, हे तेव्हा दिसले आणि माझ्या बाबतीतही दिसते आहे.

स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा सहा पायऱ्या अभियंत्यांनी ठरवलेल्या आहेत. दुसऱ्या पायरीपर्यंत माणसाने सतत रस्त्यावर लक्ष ठेवायचे असते. तिसऱ्या पायरीपासून, ठरावीक परिस्थितीत, रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम यंत्राचे होते. जाहिरात अशी केली जाते की गाडी स्वतः चालते, आणि करारात बारीक अक्षरांत लिहिले जाते की ती चालत नाही. ग्राहक जाहिरातीवर विश्वास ठेवतो, कंपनी करारावर बोट ठेवते, आणि या दोन वाक्यांमधल्या जागेतून रस्ता ओलांडणारी माणसे आम्ही असतो. ब्रिटनने २०२४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. अधिकृत स्वयंचलित गाडी स्वतः चालत असताना ती ज्या प्रकारे चालली त्याचे उत्तर तिला रस्त्यावर आणणाऱ्या संस्थेने द्यायचे, आणि गाडी स्वतः चालते असा ग्राहकाचा गैरसमज करून देणारी जाहिरात हा गुन्हा, असे त्यात ठरले. आपल्याला काही नवे शोधून काढायचे नाही.

आपल्या खात्याकडे तक्रार करण्याचा प्रयत्न मी बिछान्यावरून केला. संकेतस्थळावर चित्रातील अक्षरे ओळखून टाइप करा असे सांगितले गेले. मला चित्र दिसत नाही. आवाजाचा पर्याय नव्हता. कार्यालयात फोन केला तेव्हा स्वतः येऊन अर्ज द्या, असे उत्तर मिळाले. मी चालू शकत नाही असे सांगितल्यावर, मग कोणाला तरी पाठवा, असे सांगण्यात आले. ज्या व्यवस्थेत तक्रार करायला सुद्धा डोळे आणि पाय दोन्ही लागतात, त्या व्यवस्थेने रस्ता कोणासाठी बांधला आहे, हे मी आता विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे. या गाड्यांविषयीच्या बैठकांना आपण उत्पादकांना, विमा कंपन्यांना आणि बॅटरीवाल्यांना बोलावता. पायी चालणाऱ्या एकाही माणसाला आजवर बोलावलेले नाही. गाडीत कधीच न बसणाऱ्या माणसालाही गाडीची धडक बसते, हे त्या दालनात कोणी म्हणायचे?

माझी मागणी दीड वर्षापूर्वीचीच आहे. सूचक आवाजाचा नियम काढावा आणि तो आवाज बंद करण्याचे बटण गाडीत ठेवू देऊ नये. धडकेच्या वेळी गाडी कोण चालवत होते याची नोंद गाडीत राहावी आणि ती जखमी माणसाला मागता यावी. माझ्या अपघाताची नोंद कंपनीकडे आहे आणि ती मला नाकारली गेली आहे. मसुद्याच्या समितीत पादचारी आणि दृष्टिहीन व्यक्ती असाव्यात.

उत्तर ब्रेलमध्ये किंवा साध्या मजकुरात पाठवावे. मागच्या वेळी आपल्या कार्यालयाने सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र पाठवले होते, आणि ते माझ्या संगणकाला वाचता आले नाही.

आपली,
एक दृष्टिहीन पादचारी