टीईएमवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

या महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय असं कळलं. समोर आले की मला बोलायला सुचत नाही, म्हणून सगळ्यांसमक्ष लिहिते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सोन्याचे नॅनोकण करत होते. पद्धत जुनीच, तुर्केविच आणि सहकाऱ्यांची 1951 सालची: क्लोरोऑरिक आम्लाचं द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. फिकट पिवळं पाणी काळपट जांभळं होतं आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लाल. कण साधारण 15 ते 20 नॅनोमीटरचे. बाटलीत सगळं छान, पण टीईएममध्ये, म्हणजे तुमच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, कणांचे नुसते गठ्ठे. तीनदा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तुमच्या खोलीत रडायचीच बाकी होते.

तुम्ही विचारलंत, "बाटलीतला रंग कसा आहे?" लाल, म्हटलं. थोडं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन तुम्ही त्यात चिमूटभर मीठ टाकलंत. बघता बघता ते निळं झालं. "गठ्ठे झाले की असं दिसतं. तुझे गठ्ठे बाटलीत नाहीत, ग्रिडवर झालेत." ग्रिड म्हणजे ज्यावर थेंब सुकवून टीईएममध्ये ठेवतात ती बारीक जाळी.

सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, आणि मीठ तो भार झाकून टाकतं, हे मी वाचलेलं होतं. थेंब सुकताना आक्रसणारी कड कणांना ओढून एकत्र आणते, हेही. पण माझ्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ त्या टेस्ट ट्यूबने घालून दिली. मग तुम्ही सॅम्पल पातळ करायला लावलंत. जेमतेम 3 मिलिमीटरचं कॉपर ग्रिड चिमट्यात धरून, थेंबाच्या कडेला फिल्टर पेपरचं टोक टेकवून पाणी कसं शोषून घ्यायचं ते दाखवलंत. हात जराही हलत नव्हता. त्या दिवशी तुमचा डबा तसाच राहिला.

पुढे टीईएममध्ये कण द्रवातच बघायला लिक्विड सेल आली. सिलिकॉन नायट्राइडच्या दोन पातळ खिडक्यांमध्ये पाण्याचा थर. 2003 साली फ्रान्सिस रॉस आणि सहकाऱ्यांनी अशाच सेलमध्ये द्रवात तांबं साचताना पाहिलं होतं. स्क्रीनवर कण वाढताना दिसले आणि मी आनंदाने ओरडले. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "जिथे बीम पडला नाही, तिथे जाऊन बघ." तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. बीम म्हणजे टीईएमचा इलेक्ट्रॉनांचा झोत; त्याने पाणी फुटतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन द्रावणातल्या क्षारापासून सोनं करतात. म्हणजे कण माझ्या रसायनाने नाही, बीमने केले होते. तुम्ही थांबवलं नसतं तर मी तेच छापलं असतं.

शनिवारी प्रबंधाची प्रत घेऊन घरी येते. आभाराचं पान नंतर वाचा, आधी चौथं प्रकरण उघडा. बीम न पडलेल्या जागेचा तो रिकामा फोटो तिथे पहिलाच आहे.

तुमची विद्यार्थिनी