रविवारच्या वाचनकट्ट्याची आठवण

सभासदहो, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता मांडवीला, नेहमीच्या पडवीत. पुस्तक : मार्क हॅडन यांचं ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ (२००३). १५ वर्षांचा ख्रिस्तोफर स्वतःच गोष्ट सांगतो. गणितात तरबेज, पण गर्दी-गोंगाट सोसत नाही, कुणी अंगाला हात लावलेला खपत नाही; तरी स्विंडनहून एकटा रेल्वेने लंडन गाठतो. निदान तो प्रवास तरी वाचून याच. प्रकरणं २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी चालतात, पानं गळलेली नाहीत! घरातल्या मुलांनाही आणा. आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी माजघर मोकळं ठेवतोय. पावसामुळे बैठक रद्द होणार नाही. वाचनालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत पुढे द्यावी, रांग मोठी आहे.