सरांना सांगितलंस का?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मीही आवाज चढवला, म्हणून लिहितेय. विद्यापीठाच्या क्रिकेट संघात निवड झाल्याचं कळल्यावर अण्णांनी साऱ्या आळीत पेढे वाटले. माईआत्याकडेसुद्धा डबा पाठवला, मागचं सगळं विसरून! मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पण छातीतल्या पेसमेकरचं तुमच्या कोच सरांना सांगितलंस का, याचं उत्तर तू दिलंच नाहीस.

खेळू नकोस असं मी म्हणत नाहीये. डॉक्टरांनी कबड्डी बंद केली, ती तू निमूट सोडलीस. डावखुरा बॉलर म्हणून त्यांनी यंत्र मुद्दाम उजवीकडे बसवलं. डावीकडे असतं तर प्रत्येक बॉलला वायर गळ्याचं हाड आणि पहिल्या बरगडीत दबत राहिली असती, हे त्यांनी चित्र काढून तुलाच दाखवलं होतं. तरी सीझनआधी चेकिंग चुकवू नकोस. जोरात पळताना एकदम गळाल्यासारखं झालं, तर ओव्हर अर्धी सोडून थांब. यंत्राला वरच्या ठोक्यांची हद्द लावलेली असते, ती डॉक्टरांना बदलता येते. पण तू लपवलंस तर त्यांना कळणार कसं? शॉर्ट लेगला उभा राहू नकोस. बॅटिंगला छातीचा गार्ड हवाच.

झालं, सुरू झालं माझं लेक्चर. रागावू नकोस रे.

ऑपरेशननंतर उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, तेव्हा शर्ट मी घालून द्यायचे. तू मात्र ओट्यावर बसून डाव्या हाताने भिंतीवर टेनिस बॉल मारायचास. तिथला काळा डाग अण्णांनी रंगाऱ्याला पुसू दिला नाही.

संघातून काढतील याची तुला भीती आहे, मला कळतं. तूच मला त्या फुटबॉलवाल्या एरिक्सनचा व्हिडिओ दाखवलास ना? 2021 च्या युरोत मैदानातच कोसळला होता. त्याचं यंत्र वेगळं, झटका देणारं. इटलीत नियमामुळे त्याला खेळता येईना, पण साडेआठ महिन्यांत इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्ड क्लबकडून उतरला. त्याच्या छातीत काय आहे ते साऱ्या जगाला ठाऊक होतं, तरी घेतलाच ना त्याला? आणि तो पडला तेव्हा भोवतालच्यांनी क्षण दवडला नाही. तुझ्या भोवतालच्यांना काही माहीतच नसेल तर ते काय करतील?

तुला जड जात असेल तर अण्णा येऊन सरांशी बोलतील. पण तू स्वतः बोललास तर बरं.

तुझी,
आई

ता. क. पेसमेकरचं कार्ड किटच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव. एक झेरॉक्स सरांकडे दे.