एक्केचाळीस मतं

न्यू जर्सी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

तुझा मंगळवारचा व्हॉइस मेसेज मी बुधवारी पहाटे तीन वाजता ऐकला. "आव्या, आयोगानं पालिकेच्या निवडणुकीची तारीख लावली. २ डिसेंबर. पोरं म्हणतात उभं राहा. बोल काय करू?" मागं टपरीवरचा गलका, कुणीतरी "नगरसेवक, चहा घ्या" म्हणून तुला चिडवतंय. इकडं मी स्वयंपाकघरात अंधारात बसलेलो, फोनवर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निकालाचं पान दर दोन मिनिटांनी ताजं करत. कारण मंगळवारी, त्याच ४ तारखेला, इथं मतदान होतं आणि आमच्या घरातला उमेदवार वर ढाराढूर झोपला होता. तुला सांगितलं नव्हतं, शिव्या घाल. मेधा शाळामंडळाच्या निवडणुकीला उभी होती. म्हणजे अजून उभीच आहे असं म्हणायचं. जागा तीन, उमेदवार सहा, आणि ती चौथी. तिसऱ्या नंबरपेक्षा एक्केचाळीस मतं कमी.

पण टपालानं आलेली मतं अजून मोजताहेत. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर पाकीट पुढं सहा दिवस चालतं, म्हणजे उद्या रात्री आठपर्यंत. त्यामुळं सध्या घरात निकाल लागलाय आणि लागलेलाही नाही. मेधा कपाटं आवरतेय. पाचव्यांदा.

तू सल्ला मागितलास. सल्ला द्यायची माझी लायकी नाही, पण तीन महिने मी बायकोचा एकुलता एक कार्यकर्ता होतो, ते सांगतो. त्यातलं तुझ्या उपयोगाचं तूच निवड.

आधी हे शाळामंडळ म्हणजे काय ते ऐक. आपल्याकडं महापालिकांची शिक्षण मंडळं असायची ना, सदस्य नगरसेवकांच्या मतांवर ठरायचे, आणि आपले मास्तर बदलीसाठी त्यांच्या दारात उभे असायचे. इथलं तसं नाही. नऊ जण थेट लोकांतून निवडून येतात, मुदत तीन वर्षं, दरवर्षी तीन जागा निघतात. पगार शून्य. मानधन नाही, गाडी नाही, केबिन नाही. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. कमळ-पंजा-घड्याळाशिवाय निवडणूक तुझ्या डोळ्यासमोर तरी येते का? एवढं असून यांच्या हाती पैसा केवढा! या राज्यात घरपट्टी अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, सरासरी घराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो. शाळेची घरपट्टी वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा फार वाढवता येत नाही, तसा कायदाच आहे. विजेचे, विम्याचे, पगाराचे आकडे मात्र त्या दोन टक्क्यांना जुमानत नाहीत. मग कात्री कुठं लावायची, हा दरवर्षीचा तमाशा.

आमच्या गावात ती बसवर लागली. नियम असा, की आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल आणि नववीच्या पुढच्याचं अडीच मैलांपेक्षा, तरच बस देणं मंडळाला बंधनकारक. त्याच्या आतल्यांना दिली तर ती मेहेरबानी. तिला इथं नावही तसंच आहे, 'कर्टसी बस'. दोन वर्षांपूर्वी ती मेहेरबानी बंद झाली. आमचं घर एक पूर्णांक आठ मैलांवर. मधे चौपदरी रस्ता, निम्म्या वाटेला फुटपाथ नाही, जानेवारीत बर्फाचे ढीग. मेधा मंडळाच्या सभेत गेली. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ लावलेलं. तिनं काही भाषण केलं नाही. त्या रस्त्याचे सकाळी सव्वासातचे फोटो नेले होते, ते एकेक करून ठेवले. मंडळानं आभार मानले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली, पुन्हा आभार. अशी चौदा महिने जात राहिली, आणि शेवटी शेवटी तर बसचा विषय नसला तरी जायची. ऑडिट, छताची गळती, विशेष मुलांच्या वर्गाला शिक्षक न मिळणं, असलं सगळं ऐकत बसायची. पंचवीस खुर्च्या, त्यातल्या वीस रिकाम्या. जुलैत अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तिथल्याच एक निवृत्त ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तू तशीही इथंच असतेस. टेबलाच्या त्या बाजूला बस."

इतक्या साध्या कारणानं माणूस उमेदवार होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या डोक्यात उमेदवार म्हणजे मागं पाचपन्नास गाड्या.

मग सुरू झालं दारोदार फिरणं. सुन्या, खरं सांगतो, नोकरीच्या मुलाखती दिल्या, कर्ज मागितलं, सासऱ्यांकडं मुलगी मागितली, पण अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून "माझ्या बायकोला मत द्या" म्हणण्याइतकं अवघड काही केलं नव्हतं. पहिल्या शनिवारी मी बेल वाजवायचो आणि मनात म्हणायचो, घरी कुणी नसू दे. पहिल्याच दिवशी मी पत्रकं भराभर लोकांच्या टपालपेट्यांत टाकत सुटलो. एका म्हाताऱ्यानं हाक मारून थांबवलं. तिकीट न लावता दुसऱ्याच्या टपालपेटीत काही टाकणं हा इथं केंद्र सरकारचा गुन्हा आहे म्हणे. आपल्याकडं लोक मैद्याच्या खळीनं पोस्टर चिकटवून भिंती भरवतात, आणि मी पत्रक टाकलं म्हणून गुन्हेगार! अकरा घरं मागं जाऊन पत्रकं गोळा केली. म्हातारा कुत्र्यासह सोबत आला. वाटेत त्यानं विचारलं, तुझी बायको घरपट्टी वाढवणार का? मी म्हटलं, माहीत नाही, तिला विचारून सांगतो. संध्याकाळी मेधानं त्याला फोन केला आणि अर्धा तास बोलली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हिरवळीत आमची पाटी. नंतर कळलं, आजवर त्यानं शाळामंडळाच्या कुणालाच मत दिलं नव्हतं. मतपत्रिकेच्या तळाशी असतं ते, लोक गव्हर्नरला मत देतात आणि खाली बघतच नाहीत.

आपली माणसं हा वेगळाच अध्याय. तुला वाटेल, एवढे देशी लोक आहेत, गठ्ठा मतदान झालं असेल. तर ऐक. एका गल्लीत सलग सात घरं, दारात तोरण, आतून फोडणीचा वास. सातांपैकी दोन घरांत मत. बाकीचे ग्रीन कार्डाच्या रांगेत, कुणी बारा वर्षं, कुणी पंधरा. रोजगाराच्या व्हिसांत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळं भारताची रांग हलता हलत नाही. घरपट्टी भरतात, पोरं शाळेत, बस त्यांचीही बंद झाली, पण मत नाही. एका नांदेडच्या बाईंनी मेधाला बसवून पोहे दिले आणि म्हणाल्या, "मत नाही हो माझ्याकडं, पण पाकिटांवर पत्ते लिहून देते." चारशे पाकिटं लिहिली त्या बाईंनी. आणि ज्यांच्याकडं मत होतं, त्यातल्या एका गृहस्थांनी गणपतीच्या आरतीनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनींना हे कशाला पाहिजे? पगार पण नाही म्हणताय." मी हसून सोडून दिलं. अजून टोचतंय.

शिवाय दिवाळी. प्रत्येक देशी घरात एकच प्रश्न, दिवाळीची सुटी मिळवून देणार का? मेधाचं म्हणणं, सुटी मिळाली तर छानच, पण मी दिवाळीची उमेदवार म्हणून निवडून आले तर बसचं कोण ऐकणार? मला वाटतं तिनं तिथं जरा ताठपणा केला. दोन शब्द गोड बोलली असती तर एक्केचाळीस मतं त्याच गल्लीत पडली होती. हे मी तिला बोललोय आणि त्याचे परिणाम भोगलेत.

भीतीही होती, खोटं कशाला बोलू. आमच्या शेजारच्या एडिसनमध्ये २०१७ साली शाळामंडळाच्या निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी एक निनावी कार्ड आलं होतं. जेरी शी आणि फाल्गुनी पटेल या दोन उमेदवारांचे फोटो, त्यावर 'हाकलून द्या' असा शिक्का, आणि चिनी-भारतीय लोक आपलं गाव बळकावताहेत असा मजकूर. दोघंही निवडून आले. पुढं २०२१ मध्ये त्याच एडिसननं सॅम जोशी यांना महापौर केलं. तरी मेधाच्या पहिल्या पाट्या लागल्या तेव्हा मी रात्री उठून खिडकीतून बघायचो. तीन पाट्या गेल्या. चोर बहुधा वारा होता.

इथल्या नगर परिषदेचं म्हणशील तर तिच्यात पक्ष असतात आणि खेळ तुझ्या ओळखीचा आहे. खरी लढाई जूनमध्ये पक्षांतर्गत, म्हणजे तिकिटाचीच. इथली गंमत अशी, की वर्षानुवर्षं काउंटीतल्या पक्षाचे कारभारी ज्यांना पाठिंबा देत, त्यांची सगळी नावं मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापली जायची आणि बाकीचे कुठंतरी कोपऱ्यात. तिला नावच होतं 'लाईन'. लाईन मिळाली की जिंकल्यात जमा. इथले खासदार अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशानं ती पद्धत अडवली. शाळामंडळाला पक्ष नाहीत खरे, पण वरचे वारे खाली येतातच. २०२३ मध्ये इथल्याच मार्लबरो, मॅनलापन आणि मिडलटाऊनच्या मंडळांवर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी दावे लावले, कारण मुलानं शाळेत आपली लिंगओळख वेगळी सांगितली तर पालकांना कळवायचं असं धोरण त्यांनी केलं होतं. दारात उभं राहिलं की तोही प्रश्न यायचा, बाजू दोन्हीकडच्या. मेधा उत्तर द्यायची. मी बुटाची नाडी बांधायचो.

आणि एक हिशेब. मतदार तिघांना मतं देऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात एका जाणकारानं कानमंत्र दिला, आपल्या लोकांना सांगा, एकच मत द्या, बाकी दोन कोरी सोडा, म्हणजे दुसऱ्यांची भर पडत नाही. मेधाला ते पटलं नाही, आणखी दोन चांगली माणसं उभी आहेत म्हणाली. त्यातले एक आता तिसऱ्या नंबरवर आहेत. एक्केचाळीस मतांनी पुढं.

तुझ्या प्रभागात 'अ' महिला राखीव आणि 'ब' सर्वसाधारण म्हणतोस. म्हणजे तिथं प्रत्येक जागेला वेगळं मत, हा घोळ नाही, पण 'अ'ला तुझ्यासोबत कोण आहे ते आधी बघ. कुणाची तरी बायको नाव म्हणून उभी करून नवरा मिरवणार असेल तर त्या पॅनेलमध्ये जाऊ नकोस. तुला आवडणार नाही, पण विचारतो. गेली तीन-चार वर्षं गावात प्रशासक आहे. या काळात तू पालिकेच्या पायऱ्या किती वेळा चढलास? घाटाकडच्या वस्तीत पाणी दिवसाआड येतं की दोन दिवसांआड? पालिकेच्या दोन नंबर शाळेत आता पट किती? तू आणि मी जिथं शिकलो ती शाळा, सुन्या. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली ती याच माणसानं. हे आपल्याला पाटीलसरांनी त्याच शाळेत, गळक्या वर्गात सांगितलं होतं. तू तेव्हा झोपला होतास.

पट माहीत असेल तर उद्याच अर्ज आण, १७ तारीख शेवटची आहे. माहीत नसेल तर आधी शाळेत जाऊन ये, पायी दहा मिनिटं आहे, आणि मग ठरव. टपरीवरच्या पोरांचं ऐकून नको. ती पोरं ३ तारखेला दुसऱ्याच्या गुलालात असतील. वहिनींना विचारलंस का? तुझ्या मेसेजमध्ये त्यांचं नाव नव्हतं. मेधानं अर्ज भरायच्या आधी मला विचारलं होतं, आणि मी "हो" म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं की आठवड्याला तासभर काम असेल.

उभा राहिलास तर पत्रकाचा मजकूर छापायच्या आधी मला पाठव. कॉलेजच्या निवडणुकीत तू 'विद्यार्थ्यांचा कैवारी'मधला 'कै' सुटा छापून घेतला होतास, नावाच्या बरोबर आधी. लोक हार घेऊन आले होते.

मेधा खालून विचारतेय, उरलेल्या साठ पाट्यांच्या तारांचं काय करायचं. मी म्हटलं, उद्या रात्री आठपर्यंत थांब.

तुझा,
आव्या

ता. क. सोमवार, रात्री साडेदहा. नवे आकडे आले. फरक एकोणीस. अजून काही पाकिटं आहेत म्हणे, सह्या जुळत नाहीत म्हणून बाजूला ठेवलेली. मेधा झोपली. मी पान ताजं करतोय.