गादीखालचा तो बोर्ड आधी काढ

चि. पिंकी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या फ्लॅटवरून निघालो ते एसटी कात्रजचा बोगदा पार करेपर्यंत डोक्यात तुझा तो एक्स्टेन्शन बोर्डच होता. मैत्रिणींसमोर काही बोललो नाही, पण गादी उचलून बघितली तर पाणी तापवायच्या रॉडची पिन घालता ते भोक पार तपकिरी पडलंय, प्लास्टिक फुगलंय आणि नाक जवळ नेलं तर जळका वास येतोय. तीस वर्षं वायरमनचं काम केलं बाळा, तो वास मला झोपेतपण कळतो.

तू म्हणालीस एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा तो स्विच, कधी पडत नाही, मग काय होतंय. नीट ऐक. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर खेचतो, तुमचा बोर्ड ६ अँपिअरचा, त्यात कन्व्हर्टर लावून मोठी पिन घातलेली आणि शेजारी चहाची किटली, ती पण तेवढीच, झाले तेरा. खोलीचा एमसीबी १६ चा आहे, मी बघितला, तो कशाला पडेल? तापते ती गादीखालची बारीक वायर, आणि वर सगळा कापूस. रॉड फक्त किचनमधल्या मोठ्या १६ च्या सॉकेटवर लावायचा, चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही, पाणी कमी झालं की प्लास्टिकची बादली वितळून पेटते. आणि पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबू नका, चालू पण नाही, बंद पण नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा.

दुसरं ते सेफ्टी डोअर. रात्री आतून कुलूप, गॅलरीला ग्रिल, आणि किल्ली जिच्या पर्समध्ये ती गावाला गेलेली, असं कसं चालेल गं? २०१९ च्या मे मध्ये सुरतला तक्षशिला इमारतीतल्या क्लासला आग लागली, २२ जण गेले, पोरांनी वरून उड्या मारल्या. तू आठवीत होतीस, आई टीव्ही बंद करा म्हणाली होती. मला ती पोरं अजून दिसतात. धूर दिसला तर लिफ्ट नाही, नाकाला ओलं फडकं लावून वाकून जिन्याने खाली, तिथून १०१ लाव नाहीतर ११२, मागे फिरायचं नाही, लॅपटॉप आपण दुसरा घेऊ.

किल्ली आजच दाराशेजारी खिळ्याला लाव आणि मला फोटो पाठव. शनिवारी लॅपटॉप-मोबाईलसाठी चांगला जाड वायरचा बोर्ड घेऊन येतोय, गिझरचं मालकाशी मीच बोलतो.

तुझे बाबा